कुत्र्याचा कान आणि डोंगराची खाच

सालासेइनीने पहिली टाचणी समुद्रात टोचायची ती डोंगरावर टोचली आणि नावासा गावच्या सभागृहात हशा पिकला.

"अगं सालासेइनी," गावप्रमुख आपाकुकी चटईवरूनच ओरडला, "तिसऱ्या आता झाडाला लागतात होय? हलवून पाडतेस की काठीने?"

सालासेइनीचं वय सहासष्ट. त्यातली पन्नासेक वर्षं तिने गुडघाभर, कंबरभर आणि प्रसंगी गळाभर पाण्यात काढली होती. ओहोटी कधी लागणार हे तिला घड्याळाकडे न बघता कळायचं. चिखलातल्या कुठल्या छिद्राखाली तिसरीची शिंपली आहे आणि कुठल्याखाली खेकडा, हे ती चालता चालता सांगायची. आणि आज पाच गावांच्या लोकांसमोर तिला स्वतःची चिखलाची पट्टी सापडेना. तिने टाचणी उपटली, मुठीत धरली आणि बायकांच्या बाजूला जाऊन बसली. कान तापले होते. आपाकुकीला द्यायला एक उत्तर तिला सुचलं, पण ते सुचेपर्यंत हसणं संपून गेलं होतं.

समोर चार टेबलं जोडून त्यांवर पुठ्ठ्याचं बेट ठेवलं होतं. ते करून घेणारी तारायविनी राजधानीतून, सुव्हाहून आली होती. भूगोल शिकलेली, तिशीतली, बाप याच बेटाचा. तिने येताना एक मोठा कागद आणला होता, त्यावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. एकेका रेघेवरच्या सगळ्या जागा सारख्या उंचीच्या, असं तिने समजावलं. मग शाळेच्या पोरांनी एकेक रेघ पुठ्ठ्यावर उतरवून कापली, पुठ्ठ्यावर पुठ्ठा चिकटवला, वरून कागदाचा लगदा थापला, रंग दिला, आणि दोन आठवड्यांत त्या रेघांमधून नाकुलाउ बेट उभं राहिलं. डोंगर, दऱ्या, नाले, किनारा, पाण्याखालचं प्रवाळ, प्रवाळाबाहेरचा खोल उतार, सगळं. हाताच्या पंजाची रुंदी म्हणजे एक किलोमीटर.

म्हातारी माणसं सभागृहात शिरली की आपसूक कमरेत वाकून चालू लागत, तुईसमोरून, म्हणजे बेटाच्या राजासमोरून जाताना चालतात तशी. कोणी सांगितलं नव्हतं. आपलं अख्खं बेट एका नजरेत मावतं ही गोष्ट आजवर फक्त देवाला आणि पक्ष्यांना ठाऊक होती. आता ती सगळ्यांच्या पुढ्यात पडली होती, आणि तिच्यापुढे मोठ्याने बोलायला जीभ रेटत नव्हती. निदान पहिला तासभर तरी. नंतर आपाकुकीची जीभ रेटू लागलीच.

पण हे काही खेळणं नव्हतं. समुद्रातले मासे आटत चालले होते. परवाना घेऊन बाहेरच्या मोठ्या बोटी यायच्या आणि बर्फाच्या पेट्या भरून न्यायच्या. शेवटी पाच गावांनी ठरवलं की समुद्राचा एक चौकोन पाच वर्षं बंद ठेवायचा, तांबू करायचा. गावकऱ्यांनीही तिथे गळ टाकायचा नाही आणि बाहेरच्यांनीही नाही. परवानगी एकाच चौकोनाची मिळाली होती, दोन पंजे लांब, दोन पंजे रुंद. तो कुठे बसवायचा हे या पुठ्ठ्याच्या बेटावर ठरणार होतं. शनिवारी बेटाचा तुई यांगोनाच्या मुळीच्या पेयाची वाटी पिऊन शब्द देणार, आणि एकदा शब्द दिला की पाच वर्षं त्यात बदल नाही.

चौकोनात काय असायला हवं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वालेनिका. माशांचं घर. थंडीतल्या पौर्णिमेच्या आधी जिथे कावाकावा, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा मोठा हेकरू मासा, साऱ्या समुद्रातून गोळा होऊन अंडी घालतो ती जागा. ती झाकली तर बेट तरलं. ती उघडी राहिली आणि एखाद्या बाहेरच्या बोटीला सापडली, तर दोन वर्षांत खेळ खलास. अडचण एवढीच की वालेनिका कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो कालिओवा बेचाळीस वर्षांपूर्वी तापाने गेला. म्हणून आपाकुकीने पेन्सिलीने नावासासमोरच्या उथळ पाण्यात चौकोन आखून टाकला होता. का, तर तो त्याच्या ओट्यावरून दिसतो आणि राखणीला बरा पडतो!

हा कालिओवा म्हणजे सालासेइनीचा बाप.

वुनिवी गावातल्या त्याच्या घरात दोनच पोरं होती, ही थोरली आणि तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा इसिकेली. बाप होडीत कधी हिला घेऊन जायचा, कधी त्याला. दोघांना एकत्र कधीच नाही. बेटावरच्या चालीप्रमाणे भावाला मिसरूड फुटलं की बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, एका चटईवर बसत नाहीत, एका दारातून आत येत नाहीत. हा रुसव्याचा अबोला नव्हे, मानाचा. जिच्याशी आपण बोलत नाही तिच्यासाठी जीव द्यायला मागेपुढे पाहू नये, असं इथे लहानपणीच शिकवतात. कालिओवा चालीरीतींचा कडक माणूस. त्याने पोरांना आधीपासूनच वेगळं वाढवलं.

अकराव्या वर्षी बाप तिला बाहेरच्या पाण्यात घेऊन गेला होता, ते सालासेइनीला लख्ख आठवायचं. बाप वल्हवत होता आणि ती त्याच्या पुढ्यात, जमिनीकडे तोंड करून. किनाऱ्याजवळ समुद्रातून वर आलेला एक टोकदार सुळका आहे, त्याला कुत्र्याचा कान म्हणतात. त्याच्या मागे, दूर आत, नातुई डोंगराच्या माथ्यावर एक खाच आहे. होडी सरकत गेली तसा कान डोंगरावरून हळूहळू सरकत गेला आणि नेमका खाचेत जाऊन बसला, खुंटी भोकात बसावी तसा. बाप म्हणाला, "बघून ठेव. कान खाचेत असेल तोवर तू वालेनिकाच्या वाटेवर आहेस. कोणाला सांगू नकोस." त्यानंतर त्याने तिला तिकडे नेलं नाही. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं, ती खाडीपलीकडच्या नावासाला आली आणि तिच्या हाती होडीऐवजी टोपली आली.

नवऱ्याला तिने एकदा ही गोष्ट सांगितली होती. तो पोट धरधरून हसला. "बाप पोरीला सांगेल आणि पोराला नाही?" तेही खरंच वाटलं तिला. इसिकेली मुलगा, बापाची होडी त्याला, बापाचा गळ त्याला, मग बापाची वाट त्याला ठाऊक नसेल कशी? आपल्याला बापाने उगाच, पोरीचं मन राखायला काहीतरी दाखवलं असेल. पुढे नवरा गेला, मुली सासरी गेल्या, तरी हा विचार गेला नाही. इसिकेलीला मात्र कावाकावा कधी सापडला नाही. वुनिवीत त्याला रिकाम्या होडीचा इसिकेली म्हणत. सालासेइनीला वाटायचं, माशांनी घर बदललं असेल. विचारणार कसं? दोघांमध्ये निरोप जायचे ते इसिकेलीच्या बायकोच्या, माकेरेताच्या तोंडून. आणि ते निरोप असायचे चटयांचे, सुरणाचे, कोण आजारी आहे त्याचे. बापाने कोणाला सांगू नकोस म्हटलेली गोष्ट भावजयीच्या तोंडात कशी द्यायची?

असो. मंगळवारी सालासेइनी सभागृहात जाणारच नव्हती. माकेरेताने तिला हाताला धरून ओढत आणलं.

"चला वन्सं. तुमच्यावाचून समुद्र रिकामा राहिलाय."

"माझी टाचणी झाडाला लागते म्हणे."

"मग झाडावर चढा, पण चला. पुरुषांनी काल दिवसभरात समुद्रात किती नावं टोचली माहितीय का? चोवीस! एवढी मिशांना पीळ देणारी माणसं, आणि नावं चोवीस."

आत गर्दी होती. पुठ्ठ्याच्या बेटाला आता टाचण्यांचं पीक आलं होतं. लाल म्हणजे घर, निळी म्हणजे गोड्या पाण्याचा झरा, पांढरी म्हणजे थडगी, आणि लोकरीचे धागे म्हणजे पायवाटा नि गावांच्या शिवा. कुठल्या वस्तूला कुठला रंग यावर लोक तासभर भांडले होते. वुनिवी ते नावासा अंतर किती यावर तर अजूनही भांडत होते. पुरुष म्हणत, इंजिन लावलं तर पाव तास. बायका म्हणत, पाव तास कुठला, एक पुरी ओहोटी लागते, वाटेत टोपली भरत यायचं असतं. तारायविनीने दोन्ही लिहून घेतलं. अंतर चालणाऱ्यावर ठरतं, असं ती म्हणाली, तेव्हा बायकांनी पुरुषांकडे जिंकल्यासारखं पाहिलं.

सालासेइनी टेबलाशी उभी राहिली. पुन्हा तेच. वरून पाहिलं की तिला डोळ्यांपुढे गरगरल्यासारखं व्हायचं. ही हिरवी ढेकळं, हा निळा रंग, यात आपलं काय आहे? तिने आयुष्यात बेट असं पाहिलंच नव्हतं. डोंगरावर ती पोरपणी दोनदा चढली असेल. पाय भरून आले तशी ती तिथेच, टेबलाच्या समुद्राकडच्या बाजूला, खाली चटईवर बसली. हनुवटी टेबलाच्या कडेला टेकली. पाण्यात गळ्यापर्यंत उभं राहिल्यावर डोळे जेवढ्या उंचीला असतात तेवढ्याच उंचीला ते आले.

आणि बेट उभं राहिलं.

तिला हुंदकाच आला. ढेकळं नाहीशी झाली आणि तिथे नातुई होता, तिचा नातुई, त्याच्या पायाशी तिवरांची झाडी, झाडीपुढे तिची चिखलाची पट्टी. ज्या बाजूने तिने पन्नास वर्षं त्याच्याकडे पाहिलं त्याच बाजूने तो तिच्याकडे पाहत होता.

"टाचण्या दे," ती म्हणाली. तारायविनीने डबाच पुढे केला.

मग ती थांबेना. गुडघ्यांवर सरकत सरकत ती टेबलाभोवती फिरत गेली आणि नाव सांगत गेली. म्हातारीची दाढ. झोपाळू खेकड्याचं पाणी. जिथे नुन्याचं बाळ झालं तो खडक. पाय कापतो तो. पाय कापत नाही तो. खाऱ्या पाण्यात गोडा झरा उसळतो ती जागा, तिथे ओंजळ भरून तोंड धुता येतं. बाकीच्या बायकांनाही कंठ फुटला, त्याही चटईवर बसल्या, हनुवट्या टेबलाला लागल्या. संध्याकाळपर्यंत किनाऱ्याच्या पट्ट्यात एकशे सत्तर नावं लागली. त्यांतली एकसष्ट एकट्या सालासेइनीची. आपाकुकी दोनदा जवळ येऊन मोजून गेला. तारायविनी लिहिता लिहिता मध्येच थांबली आणि वहीवर हात ठेवून नुसती बघत बसली. ती म्हणाली, "मावशी, मी चार वर्षं नकाशे शिकले. हे कुठल्याच नकाशात नाही." सालासेइनीला वाटलं, ही आता रडते की काय.

हात पुढे करता करता सालासेइनीची नजर वर गेली. पुठ्ठ्याचा कुत्र्याचा कान पुठ्ठ्याच्या खाचेच्या जरा उजवीकडे दिसत होता. तिने मान डावीकडून उजवीकडे सरकवत नेली. कान सरकत सरकत आला आणि खाचेत बसला.

अकरा वर्षांची असल्यासारखी ती तिथेच गोठून राहिली. बाप मागे वल्हवत होता. पंचावन्न वर्षांनी, सभागृहात, लोकरीच्या आणि डिंकाच्या वासात.

"बाबांची वाट," ती मोठ्याने बोलून गेली. "वालेनिकाची."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आता सांगावंच लागलं. तारायविनीने तिच्या हातात लाल धागा दिला. सालासेइनीने एक टाचणी खाचेत रोवली, धागा कानाच्या टोकावरून ओढला आणि तसाच सरळ समुद्रावरून पलीकडे, प्रवाळाबाहेर, टेबलाच्या कडेपर्यंत नेऊन बांधला. तो आपाकुकीच्या चौकोनाला शिवलासुद्धा नाही.

इसिकेली पलीकडच्या दाराशी वुनिवीच्या पुरुषांत बसला होता. तो उभा राहिला. सालासेइनीने लगेच पदर सावरावा तशी मान खाली घातली. त्याचा आवाज मात्र तिला ऐकू आला. पोरपणीचा कोवळा आवाज कधीच गेला होता, हा खरखरीत होता, बापासारखा.

"माकेरेता, तुझ्या नणंदेला सांग, तिची चूक होतेय. बाबांची वाट ती नव्हे."

माकेरेता पाच पावलं चालत आली. "वन्सं, हे म्हणतात, तुमची चूक होतेय."

"ऐकलं मी! सांग तुझ्या नवऱ्याला, मी बाबांच्या पुढ्यात बसले होते. हा तेव्हा होडीला बांधलेल्या दोरीशी खेळत होता किनाऱ्यावर."

माकेरेता पाच पावलं परत गेली. "अहो, त्या म्हणतात..."

"ऐकलं मी! सांग तिला, बाबांनी मला स्वतः दाखवलं. कासवबेटाची शेपटी मागच्या पांढऱ्या कड्याखाली आली की वालेनिकाची वाट. बेचाळीस वर्षं मी त्या वाटेवर मरतोय."

"तर मग सापडलं का नाही, विचार!"

"मी काय चेंडू आहे का?" माकेरेता मध्येच कमरेवर हात देऊन ओरडली. "माझे पाय दुखले. धागा घ्या आणि तुमची वाट पण बांधा, म्हणजे कळेल कोण खोटं ते."

सगळे हसले. सालासेइनी हसली नाही. बापाने दोघांना वेगळी वाट सांगितली म्हणजे एकाला खोटी सांगितली. ती खोटी कोणाची हे आता सगळ्या बेटासमोर ठरणार होतं, आणि ते कोणाची हे तिला आधीच माहीत होतं. पोरीची. ती टेबलापासून दूर झाली, बायकांच्या दाराशी भिंतीकडे तोंड करून बसली, म्हणजे भावाला टेबलाशी येता येईल. मागे चटईवर त्याची पावलं वाजली. टाचणी पुठ्ठ्यात रुतल्याचा बारीकसा आवाज आला. मग धाग्याचा रीळ उलगडल्याची सरसर.

बाहेर कोणाचं तरी कोंबडं ओरडलं. एवढ्यात चटईवर कोणीतरी मटकन बसल्यासारखं वाजलं, आणि पावलं पुन्हा दूर गेली, अडखळत.

माकेरेता आली. तिचा थट्टेचा सूर पार गेला होता. "वन्सं, उठा. बघा जाऊन."

सालासेइनी गेली. तिचा लाल धागा होता तसाच होता. निळा धागा कासवबेटाकडून तिरका येत होता. प्रवाळाबाहेर, जिथे भिंत फुटून खोल पाण्याचा दरवाजा झाला आहे त्याच्या जरा पुढे, निळा धागा लाल धाग्यावरून गेला होता.

सरळ वाटेवर जागा कुठेही असू शकते, अगदी क्षितिजापर्यंत. दोन वाटा एकमेकींना छेदतात ती जागा मात्र एकच असते. तारायविनीला हे पहिल्या वर्षी फळ्यावर शिकवलं होतं. कालिओवाला कोणी शिकवलं होतं देव जाणे. त्याने एक वाट मुलीला दिली, एक मुलाला, आणि दोघं जन्मात एकमेकांशी बोलणार नाहीत हे त्याला पुरतं ठाऊक होतं. बेचाळीस वर्षं भाऊ अर्ध्या गोष्टीमागे होडी घेऊन फिरत राहिला आणि उरलेली अर्धी खाडीपलीकडे त्याच्या बहिणीच्या टोपलीत पडून होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

सालासेइनीला आधी बापाचा भयंकर राग आला. जिवंत असता तर तिने त्याला खडसावलं असतं. कशाला केलंत असं? मरताना तरी सांगायचंत. मग राग ओसरला आणि त्या जागी काहीतरी मोठं येऊन बसलं, त्याला तिच्याकडे नाव नव्हतं. बापाला वाटलं असेल का, की एका माणसाच्या हाती माशांचं घर दिलं तर तो ते रिकामं करील? की त्याला वाटलं, कधीतरी ही दोघं वाट काढतीलच? ती त्या छेदाकडे पाहत राहिली. पोरीची वाट खोटी नव्हती.

"छान आहे," आपाकुकी म्हणाला. चौकोन हातचा जाताना दिसत होता त्याला. "दोन म्हाताऱ्यांचे दोन धागे. यावर पाच वर्षांचा तांबू लावायचा? आणि तारायविनी, तूच सांग, या टेबलावर बोटभर चूक म्हणजे समुद्रात किती?"

तारायविनीला खरं बोलणं भाग होतं. "दोनशे मीटर. जास्तच."

"झालं तर!"

कोपऱ्यात बेटाचा म्हातारा तुई डोळे मिटून बसला होता. सगळ्यांना वाटत होतं तो झोपलाय. त्याने डोळे न उघडता म्हटलं, "आपाकुकी, चौकोन मासे असतील तिथे. शुक्रवारी समुद्रावर जा आणि मासे दाखवा. नाही दिसले तर तुझा ओटा आहेच."

शुक्रवारी पौर्णिमेला दोन दिवस उरले होते. थंडीचे दिवस, वारा पडलेला, पाणी काचेसारखं. आता बहीण-भाऊ एका होडीत बसू शकत नाहीत, म्हणून दोन होड्या निघाल्या. नावासातून सालासेइनीची, माकेरेता आणि तारायविनी वल्ह्यांवर. वुनिवीहून इसिकेलीची, त्यात साक्षीला आपाकुकी. सालासेइनी मागच्या टोकाला, जमिनीकडे तोंड करून बसली, बापाने बसवलं होतं तशीच. समुद्राकडे तिची पाठ.

"डावीकडे. अजून. बास, आता सरळ."

कान खाचेत बसला. तिने डोळ्याची पापणी हलू दिली नाही.

"उजवीकडे थोडं. अगं थोडं! जेवण वाढतेस का वल्हवतेस?"

"तुम्हाला पाठमोरं बसून हुकूम सोडायला काय जातंय, वन्सं!"

किनारा लहान झाला. प्रवाळावरच्या लाटांचा आवाज बाजूने गेला आणि मागे, म्हणजे तिच्या डोळ्यांसमोर, राहिला. होडीखालचं पाणी जड झालं, खोल झालं. सालासेइनीचे डोळे पाण्याने भरले तरी ती कानावरून नजर काढेना. मनात एकच, कान हलू नको, बाबा, कान हलू देऊ नका. किती वेळ गेला कोण जाणे. मग धप्पकन होडीला काहीतरी आदळलं. ती दचकली. खडक?

ती वळली. तिच्या होडीच्या कडेला दुसऱ्या होडीची कड लागली होती. त्या होडीतही एक माणूस पाठमोरा बसला होता, पांढऱ्या कड्याकडे एकटक बघत. तोही दचकून वळला.

पन्नास वर्षांत सालासेइनीने भावाचा चेहरा इतक्या जवळून पाहिला नव्हता. बापाचंच नाक. बापाच्याच भुवया, पांढऱ्या झालेल्या. क्षणभरच. दोघांनीही लगेच माना खाली घातल्या.

माना खाली गेल्या ते बरंच झालं, कारण खाली पाणी होतं. सालासेइनीने पाण्यात बघायचा चष्मा डोळ्यांवर ओढला, काठावर ओणवी झाली आणि तोंड पाण्यात घातलं.

आधी नुसता निळा अंधार. मग तळ दिसला, खडकाळ, ठिपक्याठिपक्यांचा. मग तळ हलला. तो तळ नव्हताच. कावाकावा होते, शेकडो, नाही, त्याहून कितीतरी जास्त, अंगाला अंग लावून, सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे. कुठे संपतात ते दिसतच नव्हतं. सगळे मिळून श्वास घेत होते. कोणी पळालं नाही. तिच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. सालासेइनीला श्वास घ्यायची आठवण राहिली नाही, शेवटी माकेरेताने तिला झग्याला धरून वर ओढलं.

"काय आहे? वन्सं, काय दिसलं?"

तिने चष्मा काढून आपाकुकीच्या होडीकडे भिरकावला. आपाकुकीने तो घातला, तोंड पाण्यात घातलं, आणि बराच वेळ तो वर आलाच नाही. वर आला तेव्हा त्याच्या मिशांतून पाणी गळत होतं. तो एवढंच म्हणाला, "तुईंना सांगतो मी." तारायविनीने हातातल्या यंत्रावर त्या जागेचे आकडे नोंदवले.

इसिकेलीने पाहिलं. मग तो सरळ बसला, दोन्ही तळवे पोकळ जोडले आणि बहिणीच्या दिशेने, मान खालीच ठेवून, तीन टाळ्या वाजवल्या. बेटावर तुईपुढे वाजवतात तशा, सावकाश, खोल आवाजाच्या. पाण्यावरून तो आवाज लांबवर गेला.

सवयीने त्याचा हात पायाशी पडलेल्या गळाच्या दोरीकडे गेला. बेचाळीस वर्षं रिकाम्या होडीचा इसिकेली. खाली एवढा समुद्र भरून वाहत होता, आणि एक कावाकावा, फक्त एक, संध्याकाळी वुनिवीच्या किनाऱ्यावर उतरवला असता तर पुन्हा कोणी तोंड उघडलं नसतं. सालासेइनीला ते कळलं. तिच्याइतकं ते कोणालाच कळलं नसतं.

"माकेरेता," ती हळू म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला सांग, आज कोणी गळ टाकायचा नाही."

हातभर अंतरावर बसलेल्या इसिकेलीला शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू आला होता. तरी माकेरेता नाक पुसून, घसा साफ करून ते सांगेपर्यंत तो थांबला. मग त्याने दोरी गोळा केली, गळ लाकडात खोचला आणि वल्हं उचललं.